प्रौढ अध्ययनार्थींसाठी अभ्यासकौशल्ये आणि वेळेचे नियोजन

प्रौढ अध्ययनार्थींना अभ्यासकौशल्ये आणि वेळेचे नियोजन शिकवणे हे प्रौढशिक्षण, मुक्त व दूरशिक्षण आणि निरंतर शिक्षण या क्षेत्रांतील अध्यापनाचे एक अंग आहे. नोकरी, घरकाम, शेती किंवा व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तींना वाचन, टिपणे, उजळणी, लेखन आणि परीक्षेची तयारी यांची तंत्रे, तसेच उपलब्ध वेळेत अभ्यास बसवण्याच्या पद्धती शिकवणे हा त्याचा हेतू असतो. रात्रशाळा, मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे, साक्षरता वर्ग, कामगार शिक्षण आणि व्यावसायिक प्रशिक्षण अशा ठिकाणी ते कमीअधिक प्रमाणात आढळते.

शालेय विद्यार्थ्याचा दिवस शाळेच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो, तर प्रौढ अध्ययनार्थीच्या दिवसात अभ्यासाला स्वतंत्र जागा नसते. म्हणून या दोन विषयांचे अध्यापन बहुधा एकत्र केले जाते. अभ्यासाचे तंत्र माहीत नसेल तर मिळालेला वेळ वाया जातो आणि वेळच मिळत नसेल तर तंत्राचा उपयोग होत नाही.

संज्ञा आणि व्याप्ती

'अभ्यासकौशल्ये' या संज्ञेत पाठ्यसामग्रीचे हेतुपूर्वक वाचन, टिपणे काढणे, स्मरण व उजळणी, उत्तरलेखन, संदर्भ शोधणे आणि स्वतःच्या आकलनाची पारख करणे यांचा समावेश होतो. 'वेळेचे नियोजन' या संज्ञेत उद्दिष्ट ठरवणे, कामांचा अग्रक्रम लावणे, वेळेचा अंदाज बांधणे, वेळापत्रक आखणे आणि त्याचा वेळोवेळी आढावा घेणे या क्रिया येतात. शैक्षणिक मानसशास्त्रात या दोहोंचा विचार 'स्वयंनियंत्रित अध्ययन' या व्यापक संकल्पनेखाली केला जातो.

साक्षरता वर्गातील नवशिक्या व्यक्तीपासून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत अनेक गट 'प्रौढ अध्ययनार्थी' या संज्ञेत मोडतात. त्यांचे वय आणि शैक्षणिक पूर्वानुभव भिन्न असले तरी शिक्षण हे त्यांचे एकमेव किंवा मुख्य काम नसते, हे त्यांचे समान लक्षण आहे.

इतिहास

कामकरी प्रौढांसाठी कामाच्या वेळेनंतर वर्ग भरवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. १८२३ मध्ये जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये कारागिरांसाठी संस्था स्थापन झाली. सायंकालीन अध्यापनासाठी प्रसिद्ध असलेले बर्कबेक महाविद्यालय तिच्यातूनच विकसित झाले. महाराष्ट्रात ज्योतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रशाळा सुरू केली. या प्रयत्नांत अभ्यासकौशल्ये हा वेगळा विषय नव्हता. परंतु शिक्षणाची वेळ शिकणाऱ्याच्या दिनक्रमाला अनुसरून ठरवण्याचे तत्त्व त्यांत दिसते.

प्रौढांच्या शिकण्याच्या क्षमतेविषयीचा गैरसमज दूर करण्यात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या १९२८ मधील 'अ‍ॅडल्ट लर्निंग' या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. तारुण्यानंतर शिकण्याची क्षमता घटते, पण ही घट अतिशय संथ असते, असा निष्कर्ष त्यात मांडला होता. १९४६ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी पाठ्यपुस्तक वाचण्याची पाच टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांची टिपणपद्धत त्यांच्या १९६२ मधील पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचली.

ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठामुळे या विषयाला नवे महत्त्व आले. प्रवेशासाठी पूर्वपात्रतेची अट नसल्याने अनेक वर्षांच्या खंडानंतर शिकू लागलेले प्रौढ तेथे मोठ्या संख्येने आले आणि त्यांना घरी एकट्याने अभ्यास करायचा होता. त्या विद्यापीठाशी संबंधित डेरेक राउंट्री आणि अँड्र्यू नॉर्थेज यांनी अभ्यास कसा करावा यावर लिहिलेली पुस्तके दूरशिक्षणात बरीच वापरली गेली. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, तर नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले.

प्रौढ अध्ययनार्थींची वैशिष्ट्ये आणि अडथळे

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात प्रौढांच्या अध्ययनाची काही गृहीतके मांडली. प्रौढ व्यक्ती स्वतःला स्वयंनिर्णयी मानते. तिच्याजवळ अनुभवाचा साठा असतो. आयुष्यातील भूमिकांशी निगडित गोष्टी शिकण्यास ती अधिक तयार असते. आणि विषयापेक्षा समस्येभोवती शिकण्याकडे तिचा कल असतो. ही गृहीतके सर्व प्रौढांना आणि सर्व समाजांना सारखी लागू पडत नाहीत, असा आक्षेप पुढे घेतला गेला. स्वयंनिर्णयी मानली जाणारी व्यक्ती वर्गात बसताच शाळेतील जुन्या सवयीप्रमाणे शिक्षकावर पूर्णपणे विसंबू लागते, हा अनुभव नोल्स यांनीही नोंदवला आहे.

के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढांच्या शिक्षणातील अडथळ्यांचे तीन वर्ग केले:

• परिस्थितिजन्य अडथळे – नोकरी, बालसंगोपन, आजारपण, प्रवास, पैशाची चणचण.
• संस्थात्मक अडथळे – गैरसोयीच्या वेळा, दूरची केंद्रे, क्लिष्ट प्रवेशप्रक्रिया, उशिरा मिळणारी पाठ्यसामग्री.
• मनोवृत्तिजन्य अडथळे – 'या वयात आता डोक्यात शिरणार नाही' अशी समजूत, शाळेतील अपयशाची आठवण, परीक्षेची भीती.

अभ्यासकौशल्यांच्या वर्गातून प्रामुख्याने तिसऱ्या वर्गातील आणि काही अंशी पहिल्या वर्गातील अडथळ्यांवर उपाय होऊ शकतो. संस्थात्मक अडथळे दूर करणे हे संस्थेचेच काम असते. हा भेद न केल्यास गळतीचे सर्व खापर अध्ययनार्थीच्या 'शिस्तीच्या अभावावर' फोडले जाते.

शिकवली जाणारी अभ्यासकौशल्ये

वाचन

रॉबिन्सन यांच्या पद्धतीत प्रकरण प्रथम वरवर चाळणे, शीर्षकांवरून प्रश्न तयार करणे, त्या प्रश्नांची उत्तरे शोधत वाचणे, पुस्तक मिटून उत्तरे स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि शेवटी उजळणी करणे असे पाच टप्पे आहेत. दीर्घ खंडानंतर शिकणाऱ्या अनेक व्यक्ती पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच गतीने वाचतात. काय वाचायचे, काय चाळायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय घेणे हे अशा वाचकासाठी पहिले कौशल्य ठरते.

स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ मध्ये वाचनाच्या दोन वृत्ती दाखवून दिल्या. काही वाचक पुढे विचारल्या जाणाऱ्या तपशिलांवर लक्ष ठेवून वाचतात. काही वाचक लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधतात. पहिल्या वृत्तीला उथळ आणि दुसऱ्या वृत्तीला सखोल अध्ययनदृष्टी म्हणतात. ही दृष्टी व्यक्तीचा कायमचा स्वभाव नसून कामाचे स्वरूप आणि परीक्षेची पद्धत यांनुसार बदलते.

टिपणे

पॉक यांच्या पद्धतीत पानाचे तीन भाग केले जातात. उजवीकडील रुंद भागात वर्गात किंवा वाचताना टिपणे घ्यायची, डावीकडील अरुंद भागात नंतर सूचक शब्द व प्रश्न लिहायचे आणि तळाच्या पट्टीत सारांश लिहायचा. उजवा भाग झाकून डावीकडील प्रश्नांची उत्तरे देता येत असल्याने टिपणवहीच उजळणीचे साधन बनते. प्रवासात किंवा कामाच्या मधल्या सुटीत थोड्या वेळात उजळणी करणाऱ्यांना ही रचना सोयीची असते.

स्मरण आणि उजळणी

हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून विस्मरण सुरुवातीला वेगाने आणि नंतर संथ गतीने होते, हे दिसून आले. विभागून केलेली उजळणी एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकाऊ ठरते, हा निष्कर्ष त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतही आढळला. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरशी केली. मात्र दोन दिवसांनंतर आणि आठवड्यानंतर, पुन्हा न वाचता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना अधिक मजकूर आठवला.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा अभ्यासतंत्रांचा आढावा घेतला. त्यात स्वचाचणी आणि विभागलेला सराव ही तंत्रे सर्वाधिक उपयुक्त ठरली, तर वारंवार वाचन आणि मजकुराखाली रेघा ओढणे ही लोकप्रिय तंत्रे अल्प उपयोगाची ठरली. प्रौढ अध्ययनार्थींच्या दृष्टीने या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे. विभागलेल्या सरावाला सलग मोठा वेळ लागत नाही. त्यामुळे दिवसातील तुटक वेळ उजळणीसाठी वापरता येतो.

लेखन

उत्तरलेखनात प्रश्नातील क्रियादर्शक शब्द ओळखणे ('स्पष्ट करा', 'तुलना करा', 'मूल्यमापन करा'), मुद्द्यांचा आराखडा करणे, स्वतःचा अनुभव व पुस्तकातील प्रतिपादन यांची सांगड घालणे आणि कच्चा मसुदा सुधारणे या गोष्टी शिकवल्या जातात. बोलीत किंवा व्यवहारात अस्खलितपणे मांडणी करणाऱ्या व्यक्तीला प्रमाणभाषेतील लेखन अवघड जाऊ शकते. अशा वेळी आधी तोंडी उत्तर देऊन मग ते लिहिण्याचा सराव करवून घेतात.

वेळेचे नियोजन

वेळेची नोंद आणि हिशेब

अध्यापनाची सुरुवात बहुधा एका आठवड्याच्या नोंदीने होते. अध्ययनार्थी सात दिवस आपला वेळ कोठे गेला ते लिहून काढतो आणि त्यानंतरच वेळापत्रक आखतो. आठवड्याचे एकूण तास १६८ असतात. उदाहरणार्थ, झोपेसाठी ४९ तास, सहा दिवसांच्या नोकरीसाठी ४८, प्रवासासाठी १२, स्वयंपाक, जेवण व इतर नित्यकर्मांसाठी २८ आणि कुटुंब व सामाजिक कामांसाठी १५ तास धरल्यास १६ तास उरतात.

हे तास अभ्यासक्रमाच्या मागणीशी ताडून पाहिले जातात. भारतातील मुक्त व दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे साधारणपणे ३० तासांचा अभ्यास मानला जातो. त्यानुसार चार श्रेयांकांचे तीन विषय एका सहामाहीत घेतल्यास ३६० तास लागतात. हे तास २६ आठवड्यांत विभागल्यास आठवड्याला सुमारे १४ तास होतात. परंतु पुस्तके उशिरा मिळाल्याने २० आठवडेच हाती राहिले तर तेच प्रमाण १८ तासांवर जाते आणि वरील उदाहरणातील व्यक्तीचा हिशेब कोलमडतो. त्यामुळे एका वेळी किती विषय घ्यावेत हा वेळेच्या नियोजनातील पहिला निर्णय मानला जातो आणि तो प्रवेश घेण्यापूर्वीच करणे हितावह असते.

अंदाज आणि मुदती

काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसे अनेकदा कमी बांधतात. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला 'नियोजनाचा भ्रम' असे नाव दिले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांना ५५ दिवसांहून अधिक काळ लागला. यावरील उपाय म्हणून मागील तशाच कामाला लागलेला वेळ आधारभूत धरणे, मुदतीपासून मागे मोजत टप्पे ठरवणे आणि आठवड्यातील एक सत्र अडीअडचणींसाठी रिकामे ठेवणे या सवयी लावल्या जातात.

डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमावर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका तुकडीला तीन निबंधांच्या मुदती स्वतः ठरवण्याची मुभा होती, तर दुसरीला समान अंतराच्या मुदती नेमून दिल्या होत्या. दुसऱ्या तुकडीला अधिक गुण मिळाले. जबाबदार पदांवरील प्रौढांनाही सत्राच्या अखेरच्या एकाच मुदतीपेक्षा मधल्या टप्प्यांच्या मुदती उपयोगी पडतात, असा याचा अर्थ लावला जातो.

प्रचलित तंत्रे

• पोमोदोरो तंत्र – इटलीतील फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केले. २५ मिनिटे एकाग्र काम आणि त्यानंतर छोटी विश्रांती असा त्याचा क्रम असतो. लहान मुले किंवा वृद्ध घरात असलेल्या व्यक्तींना २५ मिनिटेही सलग मिळत नाहीत. तेव्हा कालखंड लहान केला जातो.
• निकड आणि महत्त्व यांचा तक्ता – कामे निकडीची व बिननिकडीची, महत्त्वाची व बिनमहत्त्वाची अशा चार चौकटींत मांडली जातात. अभ्यास हे परीक्षा जवळ येईपर्यंत महत्त्वाचे पण बिननिकडीचे काम असल्यामुळे तो सतत मागे पडतो, हे या तक्त्यावरून स्पष्ट होते.
• जर-तर संकल्प – मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेल्या या पद्धतीत 'रोज अभ्यास करीन' याऐवजी 'रात्रीची भांडी आवरून झाली की स्वयंपाकघरातील ओट्यापाशी बसून दहा प्रश्न सोडवीन' असा वेळ, जागा आणि कृती निश्चित करणारा संकल्प केला जातो.

अध्यापनाच्या पद्धती

अभ्यासकौशल्ये शिकवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत स्वतंत्र कार्यशाळा किंवा पुस्तिका असते. ती कमी खर्चाची असून अनेकांपर्यंत पोहोचते. दुसऱ्या पद्धतीत विषयशिक्षकच आपल्या विषयाच्या ओघात ती शिकवतो. जॉन हॅटी, जॉन बिग्ज आणि नोला पर्डी यांनी १९९६ मध्ये ५१ अभ्यासांचे विश्लेषण केले. कौशल्ये विषयाच्या संदर्भात आणि त्याच आशयाच्या आधारे शिकवावीत, तसेच अध्ययनार्थीला प्रत्यक्ष कृती करण्यास आणि स्वतःच्या अध्ययनाचा विचार करण्यास लावावे, अशी शिफारस त्यांनी केली.

प्रौढांच्या वर्गात पुढील गोष्टींवर भर दिला जातो:

• पूर्वानुभवातील कौशल्यांचा आधार घेणे. हिशेब ठेवणारा दुकानदार, पेरणीपासून मळणीपर्यंतची कामे आखणारा शेतकरी किंवा महिन्याचा किराणा बसवणारी गृहिणी यांना नियोजनाचा अनुभव असतोच. तो अभ्यासाकडे वळवायचा असतो.
• तंत्र सांगण्यापूर्वी ते करून दाखवणे आणि लगेच अध्ययनार्थीच्या स्वतःच्या पुस्तकावर करवून घेणे.
• जोडीने किंवा लहान गटात अभ्यास करण्याची व्यवस्था लावणे. एखादा वर्ग बुडाल्यास गटातील सहाध्यायी दुवा ठरतो.
• घरातील व्यक्तींशी अभ्यासाच्या वेळेविषयी बोलणी कशी करावी, याचाही वर्गात विचार करणे.
• दोन-तीन आठवड्यांनी वेळापत्रकाचा आढावा घेणे. पहिले वेळापत्रक मोडणे अपेक्षितच असते. ते का मोडले याच्या विचारातून दुसरे तयार होते.

महाराष्ट्रातील स्थिती

'ज्ञानगंगा घरोघरी' हे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीदवाक्य आहे. मराठीतील स्वयंअध्ययन साहित्य, अभ्यासकेंद्रांतील संपर्कसत्रे आणि समंत्रक अशी त्याची रचना आहे. स्वयंअध्ययन पुस्तिकांत घटकाच्या प्रारंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी सारांश अशी मांडणी असते. म्हणजे रॉबिन्सन यांच्या पद्धतीतील प्रश्न, कथन आणि उजळणी हे टप्पे पुस्तकाच्या रचनेतच आणलेले असतात. औपचारिक पात्रता नसलेल्यांना पदवी शिक्षणाकडे येता यावे यासाठी या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमही चालवला.

मुंबईतील रात्रशाळांना कामकरी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची मोठी परंपरा आहे. दिवसभर काम करून सायंकाळी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांना घरी अभ्यासासाठी फारसा वेळ राहत नाही. म्हणून तेथे उजळणी आणि लेखनसराव वर्गातच करून घेण्याला महत्त्व येते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीच्या पुढील स्त्रियांसाठी असलेली ही शाळा घरकाम आटोपल्यानंतर दुपारी भरत असे. शिकणाऱ्याच्या दिनक्रमाप्रमाणे संस्थेने आपली वेळ ठरवण्याचे ते एक उदाहरण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील एकविसावे प्रकरण प्रौढशिक्षण आणि आजीवन अध्ययन यांना वाहिलेले असून, सायंकाळी व सुटीच्या दिवशी शाळांच्या इमारती प्रौढांच्या वर्गांसाठी वापरण्याची कल्पना त्यात मांडली आहे.

परिणामकारकता आणि टीका

ब्रॅड एऑन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १५८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. वेळेच्या नियोजनाचा शैक्षणिक यश, कामातील कामगिरी आणि मनःस्वास्थ्य यांच्याशी मध्यम स्वरूपाचा संबंध त्यात आढळला. कामगिरीपेक्षा जीवनातील समाधानाशी असलेला संबंध अधिक होता. मात्र अभ्यासतंत्रांवरील बरेचसे संशोधन तरुण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेले असल्याने ते प्रौढांना लागू करताना सावधगिरी बाळगावी लागते.

लंडनच्या किंग्ज महाविद्यालयातील उर्सुला विंगेट यांनी २००६ मध्ये स्वतंत्र अभ्यासकौशल्य वर्गांवर टीका केली. विषयापासून तोडून शिकवलेली कौशल्ये प्रत्यक्ष अभ्यासात उतरत नाहीत आणि असे वर्ग केवळ 'कच्च्या' विद्यार्थ्यांसाठी असतात असा समज पसरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक अध्ययनार्थीची दृक्, श्राव्य अशी 'अध्ययनशैली' ओळखून त्यानुसार शिकवावे, ही कल्पना अनेक कार्यशाळांत आढळते. परंतु हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील आढाव्यात तिला पुरेसा पुरावा आढळला नाही.

दुसरा आक्षेप सामाजिक स्वरूपाचा आहे. वेळेच्या नियोजनाची बहुतेक तंत्रे व्यक्तीचा वेळ तिच्या स्वाधीन आहे असे गृहीत धरतात. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करत होते. दिवसभरात अशा कामांत सहभागी होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचे २६.१ टक्के होते. अशा स्थितीत केवळ वेळापत्रक आखायला शिकवल्याने अभ्यासाचे तास निर्माण होत नाहीत. बहुधा ते झोपेतून कापले जातात. म्हणून घरकामाची वाटणी, वर्गाच्या वेळा, मुलांना सांभाळण्याची सोय, पाठ्यसामग्री वेळेवर पोहोचणे आणि मुदतींतील लवचीकता यांचाही विचार अभ्यासकौशल्यांच्या अध्यापनाबरोबर व्हावा, अशी भूमिका प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात मांडली जाते.

हेही पहा

• प्रौढशिक्षण
• निरंतर शिक्षण
• दूरशिक्षण
• रात्रशाळा
• यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ